मावळ्याची तलवार

मूर्तिकलेवर लिहिणारे बहुतेक टीकाकार मोठ्या मूर्तींपुढे उभे राहून लिहितात. घारापुरीची त्रिमूर्ती, श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर, चौकाचौकांतले अश्वारूढ पुतळे यांविषयी बोलताना टीकेलाही आपोआप उंची येते. वीतभर मूर्तीची गोष्ट वेगळी. ती देव्हाऱ्यात असते, दिवाणखान्यातल्या कपाटात असते आणि वर्षातून चार-सहा दिवस मुलांनी केलेल्या किल्ल्याच्या तटावर असते. तिच्याविषयी काही गंभीरपणे लिहावे असे सहसा कुणाला वाटत नाही. कारण ती म्हणजे मोठ्या मूर्तीचीच लहान आवृत्ती, असा आपला एक समज होऊन बसला आहे. माझे भांडण या समजाशी आहे. लहान मूर्ती ही लहान केलेली मोठी मूर्ती नव्हे. तिचे कायदे निराळे आहेत, आणि ते मूर्तिकाराइतकेच, किंबहुना त्याच्याहून अधिक, तिच्या द्रव्याने घालून दिलेले आहेत. माती, मेण, लाकूड, पितळ, प्लॅस्टर यांपैकी काय हाती घेतले, यावर मूर्तीचे निम्मे भवितव्य ठरून जाते.

हे पटवायला लांब जायला नको. किल्ल्यावरचा मावळाच घेऊ. तो चार इंच उंच आहे असे धरा. खऱ्या माणसाच्या मानाने तो सुमारे सोळापट लहान झाला. आता त्याच्या हातातली तलवारही त्याच मापाने लहान करून पाहा. तिची लांबी दोन-सव्वादोन इंच येईल, हे ठीक. पण जाडी येईल एखाद्या पोस्टकार्डाइतकी. पोस्टकार्डाच्या जाडीचे मातीचे पाते उगारून धरता येईल काय? ते वाळण्यापूर्वी वाकेल, वाळताना तडकेल आणि वाळल्यावर कुणाचा नुसता पदर लागला तरी गळून पडेल. म्हणजे मोजपट्टीने माणूस लहान करता येतो, परंतु द्रव्याची ताकद त्या हिशेबाने वागत नाही. मूर्तिकाराची खरी परीक्षा येथे सुरू होते. म्हणून कोणतीही लहान मूर्ती हाती आली, की मी आधी तिचा चेहरा पाहत नाही. तिची तलवार पाहतो. तलवार नसेल तर बोटे, बासरी, हरणाची शिंगे, उचललेला पाय. थोडक्यात, अंगापासून सुटून बाहेर आलेला जो कोणता भाग असेल तो. त्या एका जागी मूर्तिकाराने आपल्या द्रव्याशी काय करार केला आहे ते उघड होते.

मातीचा करार सगळ्यांत जुना. मातीत पाणी असते. ते निघून गेले की माती आवळते. नुसती आवळली तर बिघडत नाही, पण पातळ भाग लवकर वाळतो आणि जाड भाग मागे राहतो. मग दंड जिथे खांद्याला मिळतो नेमकी तिथे चीर पडते. आत तार घालावी, तर माती आवळते आणि तार आवळत नाही; चीर तार धरून धावते. आपले मूर्तिकार शाडूत कापूस मळून घेतात तो यासाठी: कापसाचे धागे मातीबरोबर सरकतात आणि तिला धरूनही ठेवतात. परंतु कापूस घातला तरी मातीचा मूळ स्वभाव बदलत नाही. मातीला अंगाशी राहायला आवडते. मातीचा चांगला मावळा तलवार उगारत नाही. ती मांडीला टेकवून उभा राहतो, ढाल छातीशी घेतो आणि पाय अंगरख्याच्या घेरात झाकून टाकतो. त्यात कारागिराची असमर्थता दिसत असेल तर ती पाहणाऱ्याची चूक. टेकलेल्या तलवारीला एक ठेहराव असतो. उगारलेली तलवार एका क्षणाची असते. टेकलेली तलवार रात्रभर पहारा देते.

मोहेंजोदारोच्या दोन मूर्ती शेजारी ठेवून पाहाव्यात, म्हणजे माझे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. एक आहे तिथली सुप्रसिद्ध नर्तकी. ती १९२६ साली सापडली, ब्राँझची आहे, आणि पुस्तकांतल्या चित्रांवरून वाटते तेवढी मोठी मुळीच नाही. तिची उंची जेमतेम १०.५ सेंटिमीटर. दुसरी म्हणजे त्याच संस्कृतीतल्या भाजक्या मातीच्या स्त्रीमूर्तींपैकी कोणतीही एक. मातीच्या बाईचे नाक चिमटीत धरून काढलेले आहे. डोळे म्हणजे वरून चिकटवलेल्या गोळ्या. गळ्यातले दागिने म्हणजे मातीच्या वळ्या. सगळे काही अंगावर चढवलेले, अंगापासून सुटलेले काहीच नाही. नर्तकीकडे वळा. तिचा उजवा हात कमरेवर आहे आणि हात व अंग यांच्यामध्ये एक मोकळी फट आहे. त्या फटीतून पलीकडचे दिसते. मला ती फट म्हणजे त्या शिल्पाचा प्राण वाटतो. तिच्यातला सारा तोरा, सारी बेफिकिरी त्या रिकाम्या तिकोनातून श्वास घेते. तसा हात मातीत करायला गेले तर तो बहुधा वाळतानाच दगा देता.

एकाच संस्कृतीतल्या, बहुधा एकच जग पाहणाऱ्या माणसांनी इतक्या निराळ्या बायका का घडवल्या? अभिरुची निराळी असेल, हेतू निराळे असतील. ते मी नाकारत नाही. पण त्याआधी द्रव्ये निराळी होती. आणि नर्तकीच्या बाबतीत तर द्रव्ये दोन होती, ही गोष्ट आपण विसरतो. ती ब्राँझची खरी, पण घडली मेणात. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचे कवच, मग आच देऊन मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. तिचे ते लांबलचक हात नीट पाहा. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते चुकलेले आहेत; पण मेणाची वळी तळहातावर लाटली की ती अशीच लांब आणि सारख्या जाडीची होते. मेणाने तिला हातांची लय दिली आणि ब्राँझने ती लय मोडू दिली नाही. बस्तरचे ढोकरा कारागीर आजही मेणाचे दोरे मातीच्या गाभ्यावर गुंडाळून मूर्ती करतात, आणि त्यांच्या पितळी हत्तीच्या अंगावर ते दोरे शेवटपर्यंत मोजता येतात. धातूने मेणाची आठवण पुसली नाही, हेच त्या हत्तीचे सौंदर्य.

मेणाचा विषय निघाला म्हणून देगाविषयी दोन शब्द. चित्रकार म्हणून गाजलेल्या या फ्रेंच माणसाने आयुष्यभरात एकच शिल्प लोकांपुढे मांडले, तेही १८८१ साली. १९१७ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या खोलीत मेणाची आणि तशाच मऊ द्रव्यांची दीडशेच्या आसपास लहान शिल्पे निघाली. नर्तकी, घोडे, न्हाणाऱ्या स्त्रिया. कितीतरी मोडकळीस आलेली होती, कारण आतला तारांचा सांगाडा त्याने मनावर घेऊन कधी केलाच नाही. बाटलीची बुचेसुद्धा आत कोंबलेली. पुढे त्यांतली सत्तराहून अधिक शिल्पे ब्राँझमध्ये ओतली गेली आणि जगभर पसरली. ती पाहून आनंद होतोच. पण मेणाची नर्तकी एका पायावर तोल सांभाळते तेव्हा ती खरोखरच पडेल की काय अशी धाकधूक वाटते. ब्राँझची नर्तकी पडणार नाही, हे आपल्याला ठाऊक असते. मोहेंजोदारोच्या कारागिराने मेण हे ब्राँझच्या वाटेवरचे ठिकाण मानले. देगाला मेण हेच मुक्कामाचे गाव होते. द्रव्य बदलले की अर्थ बदलतो, तो असा.

लाकडाचा कायदा आणखी वेगळा. लाकडाला रेषा असतात. त्या रेषेच्या दिशेने तलवार काढली तर टिकते. आडवी काढली तर चिमटीत मोडते. म्हणजे मावळ्याचे अंग उभ्या रेषेत कोरायचे ठरवले, की त्याचा आडवा पसरलेला हात आपोआप अशक्त होतो. आंध्रातल्या कोंडापल्लीच्या कारागिरांनी यावर सुंदर तोड काढली. तिथल्या पोनिकीच्या हलक्या लाकडातून ते हातपाय वेगळे कोरतात, आणि चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून ते अंगाला जोडतात. सांधा रंगाखाली झाकला जातो. परंतु हातांची ती थोडीशी ताठर, बाहुलीसारखी ऐट राहतेच, आणि ती गोड दिसते. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीने नेमका उलटा शहाणपणा केला. लाकडाला न मानवणारे विषय तिने फारसे घेतलेच नाहीत. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा आंबा, केळे, सीताफळ करावे, कारण फळाला हातपाय नसतात! विषयाची निवड हीदेखील द्रव्याची निवड असते, हे या लाकडी फळांइतके चोख कुणी सांगितलेले मला ठाऊक नाही.

जपानी नेत्सुके हे याच शहाणपणाचे दुसरे टोक. किमोनोला आपल्यासारखा खिसा नसतो. तेव्हा डबी किंवा बटवा दोरीने कमरपट्ट्याला अडकवायचा आणि तो निसटू नये म्हणून दोरीच्या वरच्या टोकाला हे अंगठ्याएवढे शिल्प बांधायचे. हस्तिदंत किंवा चिवट लाकूड, दोरीसाठी दोन भोके, आणि एक कडक अट: कपड्यात अडकेल असे टोक कुठेही निघता कामा नये. म्हणून नेत्सुकेतला उंदीर शेपूट अंगाभोवती घेऊन झोपतो आणि म्हातारा गुडघे पोटाशी घेऊन बसतो. बंधन जितके कडक तितकी कल्पना खोल गेलेली दिसते. छंदाने कवीचे पाय बांधले जातात असे ज्यांना वाटते त्यांनी एक चांगले नेत्सुके मुठीत धरून पाहावे.

आता प्लॅस्टर. पर्यावरणाच्या बाजूने त्याच्याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. मी येथे केवळ त्याच्या कलेतल्या वर्तनाविषयी बोलतो. जिप्सम भाजून केलेली ही पांढरी पूड पाण्यात कालवली की थोड्याच मिनिटांत घट्ट होते, घट्ट होताना गरम होते आणि किंचित फुगते. या फुगण्यामुळे ती साच्याच्या बारीकसारीक कोपऱ्यांत जाऊन बसते. तिच्याइतका प्रामाणिक नक्कलनवीस दुसरा नाही. पण नक्कलनवीसाला स्वतःचे मत नसते. बाजारात दिवाळीपूर्वी जे मावळे मांडलेले असतात त्यांतले बहुसंख्य आज प्लॅस्टरचे किंवा प्लॅस्टिकचे आहेत, आणि त्यांच्यापैकी निम्म्यांची तलवार उगारलेली असते. प्लॅस्टर ठिसूळ, त्यामुळे घरी येईपर्यंत दोन-तीन वीर निःशस्त्र होतात. प्लॅस्टिकची तलवार मोडत नाही, पण उन्हात वाकते. मोडलेल्या तलवारीपेक्षा वाकलेली तलवार मला अधिक केविलवाणी वाटते.

यावर कुणी म्हणेल, की हा दोष साच्याचा आहे. हाताने घडवलेले तेवढे चांगले आणि साच्यातले वाईट, असे सरळ म्हणा ना. तसे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. ग्रीसमधल्या तानाग्राच्या, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातल्या मातीच्या स्त्रिया साच्यातल्याच आहेत. आपल्या तेरच्या उत्खननातल्या, सातवाहनकाळच्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती पुढचा-मागचा असा दुहेरी साचा वापरून केलेल्या आहेत. परंतु त्या साच्यांनाही कायदा होता. कडक साचा ओल्या मातीवरून सरळ उचलता आला पाहिजे. खोलगट बगल किंवा सुटा हात असला तर साचा अडकतो. म्हणून तानाग्राची स्त्री आपले वस्त्र अंगाभोवती लपेटून घेते आणि हात त्या वस्त्राच्या आत ठेवते. किती नैसर्गिक, किती कुलीन दिसते ते! ती कुलीनता निम्मी कुंभाराची आणि निम्मी साच्याची आहे. आजचा साचा रबराचा असतो. तो कशावरूनही सोलून निघतो, त्यामुळे त्याला कोणताही हट्ट चालतो. मूळ नमुना एखाद्या मऊ द्रव्यात तारेवर केलेला, साचा रबराचा, आणि ओतायचे प्लॅस्टर. तिघांपैकी कुणीच कुणाला विचारलेले नसते. बाजारातल्या मावळ्याचा दोष साच्यातून निघणे हा नव्हे. तो कोणत्याच द्रव्याचा विचार करून जन्माला आलेला नाही, हा त्याचा दोष.

प्लॅस्टरला अगदीच कलाहीन ठरवणेही अन्यायाचे होईल. जाकोमेत्ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जिनिव्हाला असताना लहान लहान मानवाकृती करत होता. त्या करता करता इतक्या लहान होत गेल्या, की १९४५ साली पॅरिसला परतताना त्याने त्या काड्यापेट्यांत घालून नेल्या असे सांगतात. प्लॅस्टरवर चाकू चालवता चालवता कितीतरी आकृती शेवटी भुकटी होऊन जात. येथे प्लॅस्टर नक्कल करत नाही. ते झिजते, कोसळते, आणि कोसळण्याच्या अगदी अलीकडे जे उरते तेच शिल्प. बोटाच्या पेराएवढा तो माणूस विशाल चौथऱ्यावर उभा असतो आणि फार लांब उभा असल्यासारखा वाटतो. लहानपणाचा अर्थ त्याने अंतरात शोधला. त्याच पुडीतल्या त्याच पांढऱ्या पुडीने हे केले, तेव्हा दोष पुडीला देता येत नाही.

नव्या द्रव्यांविषयीही हाच न्याय लावला पाहिजे. १८९७ साली बाथ शहरातल्या हार्बट नावाच्या कलाशिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी न वाळणारी माती तयार केली. आपण तिला प्लॅस्टिसिन म्हणतो. शिकायला तिच्यासारखे द्रव्य नाही, कारण चूक केव्हाही पुसता येते. पण मूर्ती कधी पुरी होत नाही. ती रियाझाची माती आहे, मैफलीची नव्हे. भट्टीऐवजी घरच्या ओव्हनमध्ये सव्वाशे अंशांच्या आसपास पक्की होणारी रंगीत माती आली. नळाची गळती बुजवायला आपण आणतो ते दोन गोळ्यांचे एम-सील आणि त्याच जातीची मूर्तिकारांची लुकणे आली. ती आवळत नाहीत, तारेला घट्ट धरतात, आणि कडक झाल्यावर कानशीने घासता येतात. पोस्टकार्डाच्या जाडीची तलवार आता खरोखर करता येते. फक्त ती मळताना हातमोजे घालावेत आणि लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. पण करता येते म्हणून करावी का? या द्रव्यांतल्या पुष्कळ मूर्तींत मला एक हावरेपणा दिसतो. अंगरख्याची प्रत्येक गाठ, जोड्याचा प्रत्येक टाका काढलेला असतो आणि हातभर अंतरावरून मूर्ती म्हणजे नुसता गजबजाट दिसतो. पडद्यावर रेखून यंत्रातून थर देत छापलेल्या मूर्तींत तर हे हमखास होते. कारण पडद्यावर ती फूटभर मोठी करून पाहिलेली असते आणि तिथे मातीचा नकार ऐकू येत नाही. लहान मूर्तीत काय गाळायचे हे कारागिराला पूर्वी द्रव्य सांगत असे. आता ते त्याला स्वतःलाच ठरवावे लागेल, आणि ते अधिक अवघड आहे.

लहान मूर्तीचा आदर्श म्हणून मला कुणी विचारले तर मी एखाद्या संग्रहालयाचे नाव घेणार नाही. लग्नात मुलीबरोबर दिलेला रांगता पितळी बाळकृष्ण पुष्कळ घरांत असतो, त्याच्याकडे बोट दाखवीन. एक हात आणि दोन गुडघे जमिनीला टेकलेले, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा. उचललेला हात आखूड, गोळ्याने जड केलेला, त्यामुळे मोडण्याची भीती नाही. रोज त्याला पाणी घालायचे, चिंचेने घासायचे, पुसायचे. दोन-तीन पिढ्यांत नाकडोळे झिजून जातात आणि मूर्ती अधिकच बाळसेदार दिसू लागते. झिजण्याने वाढणारी मूर्ती घडवणे ही सामान्य गोष्ट नाही. ज्या कुणी तो घाट पहिल्यांदा बसवला त्याने पितळ तर ओळखले होतेच, पण आपल्या घरांतला हातही ओळखला होता.

आता किल्ल्याविषयी माझा निकाल सांगतो. दिवाळीच्या तोंडावर तो अनेकांना आवडणार नाही. किल्ल्यांच्या स्पर्धा होतात, परीक्षक येतात, आणि विकतच्या झगमगीत फौजेला गुण पडतात. मी परीक्षक असतो तर मुलांनी स्वतः केलेल्या, नाकाचा पत्ता नसलेल्या एका मातीच्या पहारेकऱ्याला त्या साऱ्या फौजेच्या वर बसवले असते. यात मुलांचे कौतुक हा भाग थोडा. न्याय हा भाग अधिक. त्या पहारेकऱ्याची तलवार अंगाला चिकटलेली असते, कारण चिकटवली नाही तेव्हा ती तीनदा पडलेली असते. म्हणजे त्या मुलाचे मातीशी बोलणे झालेले आहे. विकतच्या मावळ्याच्या बाबतीत ते कुणाचेच झालेले नाही. मावळे विकून ज्यांचे घर चालते त्यांच्या पोटावर पाय यावा असे मला म्हणायचे नाही. तेच हात पिढ्यान्‌पिढ्या मातीत वाढलेले आहेत. त्यांच्याकडे टेकलेल्या तलवारीचा मावळा मागितला तर ते आनंदाने करतील. मागणी आपण करत नाही.

आणि मुलाला भालदार हवाच असेल तर? मातीचा भाला करू नये. खराट्याची काडी घ्यावी. मात्र ती ओल्या मातीत खुपसून ठेवू नये, कारण मूठ वाळताना काडीभोवती आवळेल आणि फुटेल. ओल्या मुठीत काडीहून किंचित मोठे भोक पाडावे, मावळा सावलीत वाळू द्यावा आणि मग भाला त्याच्या हाती द्यावा. ही युक्ती माझी नाही. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या उत्खननात मातीची एक बिनडोक्याची देवी आणि एक बैल सापडला. दोघेही कच्च्या मातीचे. देवीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक. मधे काडी घातली की देवी बैलावर आरूढ होते. घोड नदीकाठच्या त्या शेतकऱ्याच्या घरात कुणीतरी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी मातीचा नकार ऐकला, तो मानला, आणि शेजारी पडलेल्या काडीला मदतीला बोलावले. कोणते काम मातीला सांगावे आणि कोणते काडीला, एवढे ज्याला कळले त्याला मूर्तिकला कळली, असे म्हणायला मी तयार आहे.